घरपट्टीची वाढ आणि महापालिकेची वही

महापालिकेच्या कराचा विषय आपल्या व्यापारी समाजात वर्षातून दोनच वेळा निघतो. एकदा एप्रिल महिन्यात, पाच टक्क्यांची सूट पदरात पाडून घेण्याकरिता. आणि दुसऱ्यांदा, मागील सालापेक्षा मोठा आकडा पावतीवर दिसल्यानंतर. एरवी वर्षभर त्याचे स्मरण कोणास होत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र हुबळी-धारवाडच्या पेठांतून ह्या दुसऱ्या प्रसंगाची चर्चा फार वाढली आहे. जवळी साळीतील कापडवाले असोत, दुर्गद बैलातील किरकोळ दुकानदार असोत, की अमरगोळच्या बाजार आवारातील आडते असोत, कर वाढला ही तक्रार सर्वांच्या तोंडी सारखीच आहे.

तक्रार खरी आहे. परंतु कर कोणी वाढविला, कोणत्या पायावर वाढविला, आणि वाढलेल्या रुपयाचे पुढे काय झाले, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे तक्रार करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांजवळ असतात. जो व्यापारी दिवसाची रोकड मिळाल्यावाचून दुकान बंद करीत नाही, त्याने ज्या संस्थेस दरसाल हजारो रुपये द्यावयाचे तिची वही कधी उघडूनही पाहू नये, ह्याचे आम्हांस नवल वाटते. प्रस्तुत लेखात ही वही वाचावयाची कशी, एवढेच सांगण्याचा आमचा हेतू आहे. पावतीवर कन्नडमध्ये 'आस्ति तेरिगे' असे छापलेले असले तरी येथील जुन्या मराठी बोलणाऱ्या मंडळींच्या तोंडी 'घरपट्टी' हाच शब्द आहे. सोयीसाठी आम्हीही तोच वापरतो.

आपल्या ह्या जोड शहरातील नगरसंस्था जुन्या आहेत. हुबळीची नगरपालिका १८५५ सालची व धारवाडची १८५६ सालची. मुंबई इलाख्याच्या कायद्यांखाली त्या शंभर वर्षे चालल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश म्हैसूर राज्यात गेला, आणि १९६२ साली दोन्ही नगरपालिका एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली. ह्या सर्व काळात नगरसंस्थेच्या उत्पन्नाचे दोन मोठे झरे होते: जकात आणि घरपट्टी. पैकी जकातीविषयी व्यापारी वर्गाची नाराजी सर्वश्रुत आहे. नाक्यावर खोळंबणाऱ्या गाड्या, मालाच्या किंमतीवरून होणारी हुज्जत, गावातून नुसत्या पुढे जाणाऱ्या मालाच्या परताव्यासाठी घालावे लागणारे हेलपाटे, हे सारे सोसलेली पिढी आता विरळ झाली आहे. कर्नाटकात १९७९ साली जकात उठली. तिच्या जागी राज्यशासनाचा प्रवेशकर आला, आणि तोही २०१७ साली वस्तू व सेवा कराच्या पोटात गेला. महाराष्ट्रात जकात ह्याहून पुष्कळ अधिक टिकली. मुंबईत तर ती १ जुलै २०१७ पर्यंत चालू होती, आणि ती उठविताना महापालिकेस भरपाई देण्याची तरतूद कायद्यानेच करावी लागली.

जकात उठली ही गोष्ट व्यापाराच्या दृष्टीने चांगलीच झाली. परंतु तिचे दुसरे अंग आपण विसरून गेलो. जकात ही नगरसंस्थेची रोजची रोकड होती. व्यापार वाढला की ती आपोआप वाढे, आणि तिच्यासाठी बंगळूरकडे तोंड करून बसावे लागत नसे. ती गेल्यावर तिच्या जागी अनुदान आले. अनुदान किती द्यावयाचे, केव्हा द्यावयाचे व कशासाठी द्यावयाचे हे देणारा ठरवितो. अशा रीतीने महापालिकेच्या स्वतःच्या हातात म्हणण्याजोगे मोठे उत्पन्न एकच उरले, ते म्हणजे घरपट्टी. पूर्वी दोन खांद्यांवर असलेला भार एका खांद्यावर आला, आणि आज तो जड का वाटतो ह्याचे पहिले कारण हे आहे. भारतातील सर्व नगरसंस्थांचे उत्पन्न देशाच्या एकूण उत्पन्नाच्या अवघे एक टक्क्याच्या आसपास दहा वर्षांहून अधिक काळ अडकून राहिले आहे, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद आहे. ब्राझीलमध्ये हेच प्रमाण सात टक्क्यांहून अधिक व दक्षिण आफ्रिकेत सहा टक्के आहे.

आता दुसरे कारण पाहू. पूर्वी घरपट्टी इमारतीच्या वार्षिक भाड्याच्या अंदाजावर बसत असे, आणि तो अंदाज करणारा कारकून हाच तिचा धनी असे. ह्या शतकाच्या आरंभी कर्नाटकाने ती रीत सोडून मालमत्तेच्या किंमतीवर आधारलेली स्वयंआकारणी पद्धत सुरू केली. मालकाने आपले क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय व उपयोग स्वतः लिहावयाचे, मुद्रांक कायद्याखाली शासनाने जाहीर केलेली मार्गदर्शक किंमत त्यास लावावयाची, आणि कर भरावयाचा. ह्या पद्धतीत जुन्या, सर्वसाधारणतः २००५-०६ च्या, मार्गदर्शक किंमतीच्या निम्म्या रकमेवर कर धरला जाई व दर तीन वर्षांनी त्यात किमान पंधरा टक्के वाढ होई. २०२१ च्या सुमारास कायदा बदलला. आता चालू मार्गदर्शक किंमत घ्यावयाची, तिचा चतुर्थांश करपात्र मानावयाचा, आणि दरसाल तीन ते पाच टक्के वाढ धरावयाची, असे ठरले.

दरसालच्या ह्या वाढीचा पुष्कळांनी धसका घेतला आहे. आम्ही चक्रवाढीचा हिशेब मांडून पाहिला. पाच टक्के दराने तीन वर्षांत होणारी वाढ १५.७६ टक्के येते, आणि तीन टक्के दराने ९.२७ टक्के. म्हणजे पूर्वीच्या तिसाला पंधरा टक्क्यांपेक्षा ही वाढ फारशी अधिक नाही, किमान दराने तर कमीच आहे. खरे दुखणे येथे नसून पायात आहे. समजा, जुन्या पद्धतीतील पंधरा टक्के वाढ पंधरा वर्षांत पाचदा झाली. तर मूळचा शंभर रुपये कर दोनशे एक रुपयांवर गेला. कराचा दर तोच ठेवून निम्म्याच्या जागी चतुर्थांश किंमत धरली, तर ज्या जागेची मार्गदर्शक किंमत ह्या काळात चौपट झाली तिचा कर जवळपास जेथल्या तेथे राहतो. चौपटीहून कमी वाढली असेल तेथे तो उतरावयास हवा, आणि आठपट झाली असेल तेथे दुप्पट व्हावयाचा. एकाच गावात एकाचा कर थोडा वाढला व दुसऱ्याचा दुप्पट झाला, ह्याचा उलगडा बहुधा ह्या एका त्रैराशिकात होतो. वशिला वा आकस शोधण्यापूर्वी आपल्या जागेची २००५-०६ ची व आजची मार्गदर्शक किंमत शेजारी शेजारी लिहून पाहावी. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यात मार्गदर्शक किंमती सरासरीने सुमारे तीस टक्के वाढविण्यात आल्या, हेही त्या कागदावर लिहावे.

ही वाढ महापालिकेच्या सभागृहात ठरली नव्हती. मे २०२० मध्ये, साथीच्या संकटात, केंद्रशासनाने राज्यांना अधिक कर्ज उभारण्याची मुभा देताना काही अटी घातल्या. त्यांपैकी एक अट अशी होती की, मालमत्ता कराचे किमान दर चालू मार्गदर्शक किंमतींशी जुळवून घ्यावेत. पुढे पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ ह्या काळातील नगरसंस्थांच्या अनुदानास तशीच अट जोडली. शिवाय घरपट्टीची वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या गतीने वाढली पाहिजे, असेही घातले. अट दिल्लीची, कायदा बंगळूरचा, आणि नोटीस मात्र हुबळीच्या महापालिकेची. विशेष हे की, महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली होती. निवडणूक ३ सप्टेंबर २०२१ रोजी ब्याऐंशी प्रभागांत झाली, आणि महापौर निवडले गेले मे २०२२ मध्ये. कराचा पाया बदलत असताना ज्यांच्याकडे जाऊन व्यापाऱ्याने गाऱ्हाणे मांडावयाचे ते लोकप्रतिनिधी जागेवर नव्हते. नंतर निवडून आलेल्यांना वाढीचे समर्थनही करता येईना व ती रद्दही करता येईना.

एक उदाहरण मांडू. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. एका दुकानाची मार्गदर्शक किंमत चाळीस लाख रुपये धरू. चतुर्थांश दहा लाख. त्यावर शेकडा एक रुपया दर धरल्यास घरपट्टी १०,००० रुपये. परंतु पावती एवढ्यावर थांबत नाही. घरपट्टीच्या रकमेवर आरोग्य उपकर पंधरा टक्के, ग्रंथालय उपकर सहा टक्के, व भिक्षेकरी उपकर तीन टक्के, म्हणजे एकंदर चोवीस टक्के, असे २,४०० रुपये आणखी चढतात. घनकचऱ्याचा आकार निराळा. हे उपकर महापालिका गोळा करते, परंतु ते तिचे नव्हेत. ते ज्या कामासाठी व ज्या यंत्रणेसाठी आहेत तिच्याकडे पाठवावयाचे असतात. तेव्हा दुकानदार म्हणतो, "मी बारा हजार चारशे दिले", आणि महापालिका म्हणते, "मला दहा हजार मिळाले". दोघेही खरे बोलतात. मार्गदर्शक किंमत तीस टक्क्यांनी वाढली की मूळ कर १३,००० होतो, उपकर ३,१२० होतो, आणि बेरीज १६,१२० वर जाते. उपकराचे शेकडा प्रमाण कोणी वाढविलेले नसते. तरीही तो वाढतो. ह्या बाबीकडे व्यापारी संघटनांच्या निवेदनांत क्वचितच लक्ष दिलेले आढळते.

इतके झाल्यावर वहीच्या पानाकडे वळू. अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर शिल्लक दाखविलेली असते, आणि वर्तमानपत्रांत तीच छापून येते. तिच्यावर भिस्त ठेवू नये. जमेच्या बाजूस येणे असलेले अनुदान धरलेले असते. ते आले नाही तर शिल्लक कागदावरच राहते. शिवाय आलेल्या अनुदानाचेही हात बांधलेले असतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या जोड शहराची लोकसंख्या सुमारे ९ लक्ष ४३ हजार भरली. दहा लाखांखालील शहरांना वित्त आयोगाने दिलेल्या अनुदानापैकी साठ टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता ह्यांवरच खर्च करावयाची होती. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून वाढलेल्या गावास जुन्याच मापाने वाटा मिळत राहिला. केशवापुराच्या पलीकडे, गोकुळ रस्त्यावर, नवलूरच्या बाजूस किती वस्ती वाढली हे आपण डोळ्यांनी पाहतो. अनुदानाचा कागद ते पाहत नाही.

खर्चाच्या बाजूस सहज कात्री लावता येईल अशा बाबी थोड्या आहेत. वेतन, निवृत्तिवेतन, सफाई, रस्त्यावरील दिवे. पाणी मलप्रभेवरून व नीरसागराहून आणावे लागते, आणि ते चढावर आणण्यास वीज लागते. निवृत्त कर्मचाऱ्यांना महापालिकेने आपल्या गंगाजळीतून दिलेली रक्कम राज्यशासनाकडून परत मिळण्याचा वाद तर वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्यात आता एक नवी बाब येऊन पडली आहे. २०१६ साली आपले शहर स्मार्ट सिटी योजनेत निवडले गेले. त्या योजनेतून उद्याने झाली, बाजाराच्या इमारती झाल्या, रस्ते नटले. योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली. बांधण्याचा पैसा बाहेरून आला होता, परंतु दिवे बदलण्याचा, रंग देण्याचा, पहारेकरी ठेवण्याचा पैसा गावानेच काढावयाचा आहे. लग्नात आलेला आहेर सांभाळण्यासाठी घर वाढवावे लागावे, तसा हा प्रकार आहे.

वहीतील सर्वांत महत्त्वाचे पान म्हणजे मागणी, वसुली व बाकी ह्यांचा तक्ता. आमच्या मते व्यापाऱ्याने दुसरे काही पाहिले नाही तरी चालेल, पण हे पान अवश्य पाहावे. चालू मागणी किती, मागील थकबाकी किती, दोहोंपैकी प्रत्येकात वसूल किती, हे चार आकडे निरनिराळे मागावेत. एकत्र टक्केवारी सांगितली की डोळ्यांत धूळ जाते. वेळेवर न भरलेल्या करावर दरमहा दोन टक्के दंड चढतो, म्हणजे वर्षास चोवीस टक्के. त्यामुळे थकबाकी कागदावर फुगत जाते. तीत पाडलेली घरे असतात, एकाच जागेच्या दोन नोंदी असतात, कोर्टात अडकलेल्या रकमा असतात. आपण व्यापारी बुडीत येणे कधी ना कधी बुडीत खाती टाकतो व खरी स्थिती ओळखतो. नगरसंस्थेच्या वहीत मात्र बुडालेले येणेही संपत्ती म्हणूनच नांदत राहते, आणि त्या भरवशावर खर्चाचे बेत आखले जातात.

ह्याच पानावरून आणखी एक गोष्ट उघडकीस येते. करवाढ झाली की ती कोणावर पडते? ज्याची नोंद आहे त्यावर. ज्याची नोंदच नाही त्यास वाढ कसली आणि घट कसली! अनधिकृत वसाहतींतील जागांना 'ब' खाते देऊन त्या कराच्या कक्षेत आणण्याची मोहीम राज्यशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू केली. पहिल्या वर्षी दुप्पट कर व नंतर नेहमीचा, अशी तिची रचना. ह्या मोहिमेने बांधकामाचे नियम मोडणारास अभय मिळते हा आक्षेप चुकीचा नाही. तरीही नोंद असलेल्या शंभरांवर तीस टक्के चढविण्यापेक्षा नोंद नसलेल्या तीसांस वहीत आणणे आम्हांस अधिक न्यायाचे वाटते.

नोंद असूनही कराच्या बाहेर राहणारा एक मोठा मालक हुबळीत आहे, तो म्हणजे रेल्वे. १ एप्रिल २००३ पासून नैऋत्य रेल्वेचे मुख्यालय येथे आहे. कारखाना तर त्याहून फार जुना. मार्च २०२३ मध्ये उद्घाटन झालेला १,५०७ मीटर लांबीचा फलाट आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवितो. घटनेच्या २८५ व्या कलमाप्रमाणे केंद्रशासनाच्या मालमत्तेवर राज्यास वा नगरसंस्थेस कर बसविता येत नाही. परंतु सेवाशुल्क घेता येते. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर २००९ साली हा विषय निकालात निघाला. सर्व सेवा पुरविल्या असतील तर घरपट्टीच्या पंचाहत्तर टक्के, काही पुरविल्या असतील तर पन्नास टक्के, व काहीच पुरविल्या नसतील तरी एकतृतीयांश, असे प्रमाण ठरले. म्हणून महापालिकेस विचारावयाचा प्रश्न सरळ आहे: केंद्रशासनाच्या मालमत्तांवर सेवाशुल्काची मागणी किती केली, आणि किती हाती आली?

पदरचेही थोडे सांगितले पाहिजे. स्वयंआकारणीत आपण आपलाच कारकून असतो. दुकानाच्या माळ्याचे क्षेत्रफळ न लिहिणे, गुदाम असताना राहते घर लिहिणे, ह्या गोष्टी पेठेत घडतात. ज्याने खरे लिहिले तो मग शेजाऱ्याचाही वाटा भरतो. जुन्या भाड्यावर चालणाऱ्या दुकानांत तर मालकाचे भाडे वर्षभराच्या घरपट्टीसही पुरत नाही, अशी स्थिती काही ठिकाणी आली आहे. तेथे कर कोणी सोसावयाचा ह्याचा लेखी करार मालक व भाडेकरू ह्यांनी वेळीच करून घ्यावा. आपल्या समाजाच्या विश्वस्त संस्थांनीही जपावे. मंदिर व उपाश्रय ही सार्वजनिक पूजास्थाने म्हणून करमाफीस पात्र असतात; परंतु त्याच आवारातील भाड्याने दिलेले गाळे त्या माफीत येत नाहीत. दोहोंची नोंद प्रारंभीच वेगळी केलेली असली म्हणजे पुढे साऱ्या आवारावर आकारणी होण्याचा प्रसंग टळतो.

कर रोखून धरणे हा उपाय काहीजण सुचवितात. त्यास जुना दाखला आहे: १८१०-११ साली काशीच्या लोकांनी कंपनी सरकारच्या घरपट्टीविरुद्ध दुकाने व घरे बंद करून उघड्यावर ठाण मांडले, आणि सरकारास तो कर मागे घ्यावा लागला. परंतु तो पैसा परक्याच्या खजिन्यात जावयाचा होता. आपला पैसा आपल्याच गटारांवर व दिव्यांवर खर्च व्हावयाचा असल्याने तो रोखल्यास अंधार आपल्याच दारात होतो. कायद्याने कर गोठविण्याचा मार्ग अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९७८ साली अवलंबिला. तेथे कर खरेदीच्या वेळच्या किंमतीच्या एक टक्क्यावर बांधला गेला आणि वाढ वर्षास दोन टक्क्यांवर रोखली गेली. परिणामी शेजारच्या दोन सारख्या घरांपैकी जुन्या मालकाचा कर नव्याच्या कराचा लहानसा अंश राहू लागला, आणि नगरसंस्थांनी तूट भरून काढण्यासाठी निरनिराळी शुल्के वाढविली. इंग्लंडमध्ये तर घरांवरील कर आजही १९९१ च्या किंमतींवर चालतो. किंमतींचा पाया वर्षानुवर्षे न हलविणे हे वाढीइतकेच अन्यायाचे असते. फक्त तो अन्याय कोणास लवकर दिसत नाही. ह्याउलट पुण्याचा अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. स्वतः राहणाऱ्या मालकास तेथे मिळणारी चाळीस टक्क्यांची जुनी सवलत काही वर्षांपूर्वी काढून घेण्यात आली होती. नागरिकांनी ती एकच बाब धरून ठेवली, आणि २०२३ साली सवलत पुन्हा मिळाली. नेमकी मागणी व तिच्या पाठीशी हिशेब असला म्हणजे शासन ऐकते.

आपल्या येथे तसा हिशेब मांडण्याची एक निकडीची वेळ आली आहे. जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारवाडसाठी स्वतंत्र महानगरपालिका करण्यास मान्यता दिली. धारवाडकरांची ही मागणी जुनी होती, आणि १९६२ पासून आपल्याकडे दुर्लक्ष झाले ही त्यांची भावनाही समजण्यासारखी आहे. परंतु विभागणीचे गणित भावनेवर सुटत नाही. हुबळी ही बाजारपेठ. दुकाने, गुदामे, कारखाने ह्यांची घरपट्टी मुख्यतः तेथे. धारवाड हे विद्येचे व कचेऱ्यांचे गाव. विश्वविद्यालय, शेतकी विश्वविद्यालय, उच्च न्यायालयाचे पीठ, शाळा व महाविद्यालये ह्यांच्या विस्तीर्ण जागा बहुतांशी करमाफ, अथवा केवळ सेवाशुल्कास पात्र. आजवर एका वहीत जमाखर्च असल्याने ही विषमता झाकली गेली. दोन वह्या झाल्या म्हणजे धारवाडच्या सुभाष रस्त्यावरील दुकानदाराच्या वाट्यास किती घरपट्टी येणार, निवृत्तिवेतनाचे येणे व ठेकेदारांचे देणे कोणाच्या खाती जाणार, आणि पाण्याचा सामाईक खर्च कोणत्या प्रमाणात वाटला जाणार, ह्यांची उत्तरे आकड्यांत मिळाली पाहिजेत. दोन्ही गावांच्या व्यापारी मंडळींनी मागील पाच वर्षांचा मागणी-वसुली-बाकीचा तक्ता प्रभागवार मागून घ्यावा, आणि देण्या-घेण्याच्या वाटणीचा कागद पक्का होण्यापूर्वी आपल्या लेखी हरकती दाखल कराव्यात.